‘जरा मनावर घे’ने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढांमधल्या एडीएचडीवर (लक्ष न टिकणे, चंचलता आणि उतावीळपणा यांचा लहानपणापासूनचा त्रास) हल्ली बहुतेक दैनिकांच्या पुरवण्यांत लेख येतात. लक्षणांची यादी, तज्ज्ञांचे दोन परिच्छेद आणि शेवटी ‘मोबाइल कमी वापरा, योगासने करा, वेळापत्रक पाळा’. ज्याला हा त्रास आहे तो माणूस इथपर्यंत आला की पुरवणी बाजूला ठेवतो, कारण वेळापत्रक पाळता आले असते तर लेख वाचायची वेळच आली नसती. वेळापत्रके त्याच्याकडे ढिगाने असतात. नवी वही, चार रंगांची पेने, पहिल्या तीन पानांवर रेखीव तक्ता आणि पुढची सगळी पाने कोरी. अशी वही या मंडळींच्या घरी हमखास सापडते.

काय करायला हवे हे त्यांना इतरांइतकेच ठाऊक असते, बहुधा थोडे जास्तच. ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या वेळी, नेमक्या जागी हातून होत नाही. म्हणून ‘जरा मनावर घे’ हा आपल्याकडचा सर्वांत जुना सल्ला इथे चालत नाही. मनावर घेतलेलेच असते. कमी पडते ती घराच्या दाराशी, टेबलावर, गॅसच्या ओट्यापाशी केलेली व्यवस्था. हे पत्र मुख्यतः त्या व्यवस्थेबद्दल आहे.

थोडे मागून. आपण दोन-चार गोष्टी तात्पुरत्या डोक्यात धरून काम करतो: फोनवर बोलता बोलता दूध गॅसवर आहे हे लक्षात ठेवतो. एडीएचडीत ही धरून ठेवण्याची ताकद तोकडी असते. दुसरे, वेळ आतून जाणवत नाही. चार दिवसांनंतरचे आणि चार महिन्यांनंतरचे काम सारख्याच अंतरावर दिसते, म्हणजे दोन्ही ‘आत्ता नाही’ या एकाच कप्प्यात. तिसरे, काम सुरू व्हायला आवड, नवेपणा किंवा घाई यांपैकी काहीतरी लागते. नुसते महत्त्व पुरत नाही. जुना रेडिओ खोलून दुरुस्त करायला सलग पाच तास बसणारा माणूस वीजबिलाचे दोन मिनिटांचे काम तीन आठवडे का करत नाही, याचे उत्तर यात आहे. घरचे विचारतात, ‘तिथे बरे लक्ष लागते?’ लागते. लक्ष असते, ते वळवायचा लगाम ढिला असतो.

हे इन्स्टाग्रामवरचे नवे खूळ आहे, अशी कुजबुज पुण्यातही ऐकू येते. पण स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये लक्ष न टिकण्याच्या त्रासाचे वर्णन केले. जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली, आणि उत्तेजक औषधाने मुले शांत बसून अभ्यास करू लागतात हे चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये नोंदवले. मोठेपणी ते आपोआप जाते, ही समजूत मात्र फार काळ टिकली. प्रत्यक्षात मोठेपणी उड्या मारणे थांबते. अस्वस्थपणा आत जातो: पाय हलत राहतो, समोरच्याचे वाक्य तोडले जाते, रांगेत उभे राहणे असह्य होते. प्रौढांमध्ये जगभरात साधारण २.५ ते ३ टक्के हे प्रमाण धरले जाते. रील पाहून ‘अरे, हे तर माझेच’ म्हणणाऱ्यांत एडीएचडी नसलेले पुष्कळ असतात हेही खरे. चाव्या सगळेच विसरतात. प्रश्न किती वेळा, किती वर्षांपासून आणि त्याची किंमत किती, हा आहे.

निदान कसे होते ते नीट सांगायला हवे, कारण पैसे आणि महिने इथेच वाया जातात. रक्ततपासणी, एमआरआय, ईईजी यांतून एडीएचडी ‘दिसत’ नाही. ‘ब्रेन मॅपिंग’चा रंगीत अहवाल हातात देऊन कोणी निदान सांगितले तर दुसरा डॉक्टर गाठावा. संगणकावर बटण दाबायची चाचणी एकटी पुरेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली इंटरनेटवर आहे, पण ती चाळणी आहे. तिच्यात अडकलात तर पुढे जायचे, एवढाच तिचा अर्थ. खरे निदान सविस्तर मुलाखतीतून होते आणि दहा मिनिटांत कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले तर दोन्ही उत्तरे सारखीच कच्ची. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या निकषांनुसार १७ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीत लक्ष न लागण्याच्या नऊपैकी किमान पाच किंवा चंचलता-उतावीळपणाच्या नऊपैकी किमान पाच खुणा हव्यात. त्यांतल्या काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्यात. आणि त्रास घर, नोकरी, शिक्षण यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी असावा.

‘बाराव्या वर्षाआधी’ या अटीपाशी बरेच जण अडकतात. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी माळ्यावरून पहिली ते सहावीची प्रगतिपुस्तके काढावीत. गुणांपेक्षा शेऱ्यांचा रकाना पाहायचा: ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘फार बोलते’. प्रगतिपुस्तके मिळाली नाहीत तर आई, मोठी बहीण, मावशी यांच्याशी बोलावे, पण प्रश्न नीट विचारावा. ‘मी लहानपणी चंचल होतो का गं?’ असे विचारले की आई ‘छे, तू तर पहिल्या पाचात असायचास’ म्हणून विषय मिटवते. त्याऐवजी विचारावे: गृहपाठाला शेजारी कोण बसायचे? कंपासपेटी, डबा, रेनकोट वर्षाला किती हरवायचे? सहामाहीचा प्रकल्प कोणत्या रात्री व्हायचा आणि कोण करायचे? आजोबा रोज संध्याकाळी अभ्यासाला घेऊन बसत असतील तर घराची ती शिस्त मुलाच्या आत गेलेली नसते, त्याला बाहेरून धरून ठेवत असते. असे मूल वसतिगृहात किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात कोसळते. मुलींच्या बाबतीत हे आणखी उशिरा कळते. त्या उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. आणि लग्न, नोकरी, मूल असा तिहेरी भार आल्यावर वयाच्या पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात येते.

सोबत एका पानावर अलीकडच्या सहा महिन्यांतली ठोस उदाहरणे लिहून न्यावीत: भरलेले दंड, चुकलेल्या तारखा, हरवलेल्या वस्तू, थोडक्यात टळलेले अपघात, सोडलेल्या नोकऱ्या. ऐनवेळी खुर्चीत बसल्यावर यातले काहीच आठवत नाही, हाही त्याच त्रासाचा भाग. सोबत कोणी जवळचे असेल तर उत्तमच.

दुसऱ्या शक्यता तपासल्याशिवाय शिक्का मारू देऊ नये. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांसाठी साधी रक्ततपासणी होते. घोरणे आणि दिवसा डुलक्या असतील तर झोपेत श्वास अडकतो का ते पाहावे लागते. सगळा घोळ गेल्या वर्षभरातलाच असेल तर नैराश्य, चिंता, अपुरी झोप किंवा दारू यांकडे आधी बघायचे. नैराश्य येते आणि जाते. एडीएचडीला ‘त्याआधीचा मी’ नसतो. अर्थात दोन्ही एकत्र असणेही अगदी नेहमीचे, कारण वीस वर्षे ‘आळशी’ ऐकून कोणाचे मन प्रसन्न राहील?

कोणाकडे जावे? औषध लिहून देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा डीपीएम डॉक्टर. चाचण्या आणि सवयींवरचे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. खासगी खर्च झेपत नसेल तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात करता येते. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा मोफत आहे, मराठीत बोलते आणि दिवसरात्र चालते. ती पहिल्या चौकशीसाठी.

आता गोळ्या. मिथाइलफेनिडेट हे या आजारावरचे मुख्य उत्तेजक औषध. भारतात ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते, म्हणजे विक्रीसाठी औषध दुकानाला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. व्हॉट्सअॅपवरचा चिठ्ठीचा फोटो चालत नाही. व्हिडिओ कॉलवरून ते लिहून द्यायला २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनेच मनाई केली आहे. त्यामुळे गोष्टी कुठे अडतात ते ठरलेलेच: चिठ्ठीवर रुग्णाचा पत्ता नसतो, गोळ्यांची संख्या आकड्यात लिहिलेली नसते, दुसरी प्रत घरी राहते, किंवा दुकानातला साठा संपलेला असतो. विसराळूपणावरचे औषध मिळवायला एवढी कागदपत्रे लक्षात ठेवायची, यातली गंमत आजवर कोणा अधिकाऱ्याला दिसलेली नाही. उपाय एवढाच: चिठ्ठी लिहून होताच खुर्चीतून उठण्याआधी नाव, पत्ता, तारीख, मात्रा, संख्या आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक तपासायचा, पाकिटात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की दुकानाला फोन करायचा, दिवाळी किंवा जोडून सुट्ट्या असतील तर दहा दिवस आधी.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी आणि वजन नोंदवले जाते. घरात तरुणपणी हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला असेल, किंवा स्वतःला कधी छातीत धडधड, चक्कर आली असेल, तर ते न विचारताही सांगावे. मात्रा कमीपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन ते चार तास राहतो, लांब चालणाऱ्या प्रकाराचा आठ ते बारा तास. तक्रारी बहुधा तीन असतात. भूक मरते, म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता करावा आणि दुपारच्या डब्यासाठी गजर लावावा. भूक लागेल तेव्हा जेवू म्हटले तर चार वाजतात. मग संध्याकाळी सहाला चिडचिड होते आणि गोळीने स्वभाव बिघडवला असे घरचे ठरवतात. बरेचदा ती उतरलेल्या औषधाची आणि रिकाम्या पोटाची जोडी असते. दुसरी तक्रार झोपेची: उशिरा घेतलेली मात्रा रात्री दोनपर्यंत जागवते. तिसरी धडधडीची, आणि इथे चहा मोजावा. गोळी आणि दिवसाचे सहा कप अमृततुल्य यांचे जमत नाही. पहिले दोन आठवडे चहा निम्म्यावर आणून बघावा, मग औषधाला दोष द्यावा.

अॅटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध उत्तेजक नाही आणि ‘शेड्यूल एक्स’मध्ये येत नाही. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पूर्ण दिसायला कधी त्याहून जास्त. ते दुसऱ्याच आठवड्यात ‘काही फरक नाही आणि मळमळतं’ म्हणून सोडून दिले जाते. जेवणानंतर घेतले तर मळमळ बरीच कमी होते. कॅप्सूल उघडून पाण्यात घालू नये.

गोळीने काय होते याची अपेक्षा नेमकी हवी. समोरच्या कामाला चिकटणे सोपे होते. कोणत्या कामाला चिकटायचे ते गोळी सांगत नाही. सकाळी ती लागू होताना हातात मोबाइल असेल तर दुपारपर्यंत अतिशय एकाग्रतेने मोबाइलच बघितला जातो. म्हणून गोळी घेऊन अर्ध्या तासात पहिले काम समोर उघडलेले असावे. आणि परीक्षेच्या तोंडावर मित्राकडून एखादी गोळी मागून घेणाऱ्यांनी हे वाचावे: ते बेकायदा आहे, हृदयाचा त्रास असल्यास धोक्याचे आहे, आणि न झोपलेल्या मेंदूत त्याने पाठांतर उतरत नाही.

घराची व्यवस्था लावताना एकच तत्त्व सांभाळावे: डोळ्यांआड गेलेली वस्तू या डोक्यासाठी अस्तित्वातच नसते. म्हणून खण, झाकणाचे डबे, ‘नीट आत ठेवलेली’ फाइल हे सगळे बाद. दाराशी चपलांच्या कपाटावर एक उघडी परात ठेवावी. तिच्यात किल्ल्या, पाकीट, ओळखपत्र. शेजारी खिळ्यावर हेल्मेट आणि बॅग. परात खोल नको, नाहीतर तिचाच माळा होतो. आणि घरातल्या इतरांनी ती आवरायची नाही. व्यवस्था मोडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ‘किती पसारा तो’ म्हणून कोणीतरी प्रेमाने केलेली आवराआवर हेच असते. फ्रिजमध्ये काचेचे किंवा पारदर्शक डबे. चार्जर दोन: एक घरी, एक ऑफिसात, आणि दोन्ही जागचे हलवायचे नाहीत. जादा किल्ली शेजारी. गोळ्यांसाठी आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी, कारण गोळी घ्यायची आठवण राहते. घेतली की नाही हे आठवत नाही, आणि शंका म्हणून दुसरी घेणे चांगले नव्हे.

स्वयंपाकघरात दूध उतू जाणे हा नित्याचा प्रकार. पूर्वी बहुतेक घरांत असलेला दुधाचा शिट्टीवाला कुकर इथे पुन्हा आणावा. दुहेरी भांड्यात पाणी असल्याने दूध उतू जात नाही आणि शिट्टी शेजारच्या खोलीतही ऐकू येते. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू नये, तिसरी की चौथी हे कळत नाही. पहिल्या शिट्टीला आच मंद करून खिशातल्या टायमरवर मिनिटे लावावीत. टायमर खिशात हवा, ओट्यावर नको, कारण माणूस ओट्याजवळ राहत नाही. वॉशिंग मशीन घराबाहेर पडण्याआधी लावू नये, कपडे कुबट होईपर्यंत आठवत नाहीत.

पुणेकरांना एक साधन परंपरेने मिळाले आहे. पाटी. थोडक्यात, स्पष्ट आणि जिथे चूक होते नेमकी तिथे लावलेली. ‘गॅस?’ एवढाच शब्द दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर. ‘गोळी’ चहाच्या डब्यावर. फ्रिजवर बारा सूचनांचा कागद लावला तर तो दुसऱ्या दिवसापासून भिंत होतो. एका जागी एकच पाटी, आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचा रंग किंवा जागा बदलायची, कारण डोळा सरावला की पाटी दिसेनाशी होते. खऱ्या पाट्यांचेही तेच होते म्हणा.

वेळेचे गणित कागदावर उलटे करावे लागते. कर्वे पुतळ्याहून हिंजवडीला दहाच्या मीटिंगला जायचे आहे. डोक्यातला आकडा असतो पंचेचाळीस मिनिटे, कारण एकदा रविवारी तेवढी लागली होती. कामाच्या दिवशी सकाळी सत्तर धरा. पार्किंग, गेट, ओळखपत्र, लिफ्ट यांची पंधरा, घरातून उठून बूट-हेल्मेट करून खाली गाडीपर्यंत दहा. म्हणजे आठ पंचविसाला जागेवरून उठायचे. वेळेचा अंदाज चुकणारी माणसे प्रवास धरतात. दोन्ही टोकांची ही पंचवीस मिनिटे धरत नाहीत. गजर दोन लावायचे: आठ दहाचा ‘हातातले ठेव’ आणि आठ पंचविसाचा ‘बाहेर’. एकच गजर असला तर तो वाजतो तेव्हा माणूस कशात तरी बुडालेला असतो, ‘झालंच’ म्हणतो आणि वीस मिनिटे जातात. गजराचे सूर महिन्याला बदलावेत. न्हाणीघरात काट्यांचे घड्याळ लावावे. आकड्यांचे घड्याळ वेळ सांगते, काट्यांचे किती उरली ते दाखवते. ‘निघण्याआधी एवढे एकच’ हे काम कितीही छोटे असो, करायचे नाही. भिंतीवरचे कालनिर्णय छान आहे, दुधाचा हिशोबही राहतो, पण ते वाजत नाही. तारीख तिथे, गजर फोनवर, असे दोन्ही हवे.

ही वेळेची जाण गाडी चालवतानाही सांभाळावी लागते. एडीएचडीत अपघाताची शक्यता वाढते हे ठाऊक असलेले सत्य आहे, आणि उशीर झालेला दुचाकीस्वार चांदणी चौकात काय करतो ते सांगायला नको. ज्यांना शक्य आहे त्यांनी मेट्रो धरावी.

पैशाच्या गळतीला उत्पन्नाशी देणेघेणे नाही. महावितरणच्या बिलावर १.२५ टक्के विलंब आकार, प्राप्तिकर विवरणाला उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत शुल्क, महापालिकेच्या मिळकतकराची सवलत बुडून थकबाकीवर महिन्याला २ टक्के, वाहन चालवण्याचा परवाना संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. रक्कम खात्यात असते, तरी हे होते. जे आपोआप जाऊ शकते ते सगळे आपोआप जाऊ द्यावे. १५ हजार रुपयांपर्यंतच्या नियमित वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही; वीज, फोन, गॅस, विम्याचे हप्ते यात बसतात. बिलांसाठी वेगळे खाते, पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्यात ठरावीक रक्कम, आणि सर्व वजावटी महिन्याच्या पाच ते दहा तारखेत. ही शेवटची अट गाळली तर वजावट परत जाते आणि बँक दंड लावते, म्हणजे दुखणे परवडले. वर्षातून एकदाच येणारी कामे सर्वांत धोक्याची. त्यांची यादी जानेवारीत एकदा करून जोडीदाराच्या किंवा भावाच्या फोनमध्येही घालावी. रात्री अकरानंतरच्या खरेदीला एकच नियम: कार्टमध्ये टाका, पैसे सकाळी. अॅपमध्ये साठवलेला कार्ड क्रमांक पुसून टाकला की उतावीळपणाला उठून पाकीट आणावे लागते, आणि बहुतेक वेळा तो उठत नाही.

कामाच्या यादीत ‘रिपोर्ट’ असे नाम लिहिले की ते तिथेच राहते. ‘मागच्या महिन्याची फाइल उघडून तारीख बदलणे’ असे लिहिले की हात चालतो. पहिली पायरी दोन मिनिटांत होईल एवढी लहान हवी. तरीही बसणे होत नसेल तर शेजारी दुसरे माणूस बसवावे. नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले महिन्याचे पैसे भरून हेच विकत घेतात: शांतता घरीही मिळाली असती, आजूबाजूला खाली घातलेल्या माना मिळाल्या नसत्या. घरून काम करणाऱ्यांनी सहकाऱ्याबरोबर आवाज बंद ठेवून व्हिडिओ कॉल लावावा. सुरुवातीला ‘मी आता हे करणार’ आणि पन्नास मिनिटांनी ‘इतके झाले’, एवढेच बोलायचे. गप्पिष्ट मित्र यासाठी निवडू नये. स्वतःच स्वतःला दिलेली मुदत चालत नाही, कारण ती खोटी आहे हे आतल्याला माहीत असते. कोणाला तरी बुधवारी अर्धे काम दाखवायचे कबूल करावे.

ऑफिसात सांगावे का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत; एडीएचडीचे नाव त्यांत स्वतंत्रपणे नाही. नुसत्या निदानावर सवलत मागायला कायद्याचा आधार कच्चा आहे. आमच्या मते आधी नाव न घेता गरज सांगावी: तोंडी सूचना मेलवर मिळतील का, भिंतीकडची जागा मिळेल का, सोमवारी दहा मिनिटे प्राधान्य ठरवता येईल का. चांगला वरिष्ठ हे कोणालाही देतो. न देणारा निदान ऐकून देईल असे वाटत नाही.

घरातल्या घरात सर्वांत जास्त झीज जोडीदाराची होते. तिचा किंवा त्याचा चालताबोलता गजर होतो, मग पहारेकरी, मग आई. ‘सांगितलं की करतो ना’ हे वाक्य भांडणाचे मूळ आहे, कारण सांगणे हेच अर्धे काम असते. कामे वाटताना मदत वाटू नये, अख्खे काम वाटावे. सिलिंडर म्हणजे संपत आल्याचे ओळखणे, नोंदवणे, पैसे देणे आणि घरी कोण असेल ते बघणे, सगळे एकाकडे. एडीएचडी असलेल्याने जी कामे समोर दिसतात आणि लगेच संपतात ती घ्यावीत: मंडई, भांडी, मुलांना सोडणे-आणणे, पाहुण्यांची अचानक व्यवस्था. दूरच्या तारखांची कामे दुसऱ्याने. हे समान वाटप नाही असे वाटेल, पण कोण काय पार पाडतो ते पाहून केलेले आहे. रविवारी वीस मिनिटे दोघांनी कॅलेंडर घेऊन बसावे, आणि त्या बैठकीत मागच्या चुकांचा पाढा काढू नये. एडीएचडीत टीका फार खोल लागते. एका तिरकस वाक्यावर दिवस जातो. शनिवारवाड्याच्या परिघात वाढलेल्यांना तिरकस न बोलणे अवघड आहे, तरी प्रयत्न व्हावा.

आणखी एक. या त्रासात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानला जातो. त्यामुळे मुलाचे निदान होत असताना बाप किंवा आई मध्येच थांबून म्हणते, ‘हे सगळं मलाही होतं, आहे.’ डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेऊ नये. मुलाची दिनचर्या ज्याने चालवायची त्याचीच दिनचर्या चालत नसेल, तर मुलाच्या खोलीतला रंगीत तक्ता आठवडाभरात गळून पडतो.

मोठेपणी निदान झालेल्या माणसाचे पहिले काही महिने विचित्र जातात. आधी सुटल्यासारखे वाटते. मग राग येतो: शाळेत कोणाच्या लक्षात कसे आले नाही, वडिलांनी इतके का मारले, तो कोर्स का सुटला. जुन्या आठवणी एकेक करून नव्या फडताळात लावल्या जातात. हे चालू द्यावे, पण या काळात राजीनामा, घटस्फोट, नवा धंदा असे निर्णय घेऊ नयेत. नंतर एक उलटा टप्पा येतो, ज्यात प्रत्येक गोष्ट एडीएचडीच्या खात्यावर मांडली जाते. उशीर होण्याचे कारण समजले तरी खोळंबलेल्या माणसाची माफी मागायची असतेच. ‘मला एडीएचडी आहे’ याच्या पुढे ‘म्हणून मी आता असे करणार आहे’ हे वाक्य आले तर घरचे ऐकतात. आरंभशूर म्हणून हिणवलेल्यांनी आपल्या सोडलेल्या गोष्टी एकदा मोजून पाहाव्यात. अर्धवट शिकलेला तबला, अर्धवट जर्मन, अर्धवट कोडिंग यांतून संकटात उपयोगी पडणारे काहीतरी बहुतेकदा शिल्लक असते. पण त्यावरून एडीएचडी ही ‘महाशक्ती’ आहे असे सांगणाऱ्या व्याख्यानांना पैसे भरून जाऊ नये.

आता आपल्या दैनिकाकडे एक मागणी. मिळकतकराची सवलत, प्राप्तिकर विवरण, शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची नोंदणी यांच्या तारखा आपल्याकडे छापून येतात, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर, आणि बरेचदा ‘आज शेवटचा दिवस’ अशा मथळ्याखाली. दर सोमवारी, शहराच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पंधरा दिवसांच्या मुदतींची एक चौकट द्यावी. जागा आणि वार कधीही बदलू नये. तारखेसोबत कुठे भरायचे, कोणती कागदपत्रे आणि चुकल्यास किती दंड, एवढे असावे. मुदतवाढ झाली तर ती त्याच चौकटीत छापावी, पहिल्या पानावर नको. मुदतवाढीचे मोठे मथळे वाचून मूळ तारीख कोणालाच खरी वाटेनाशी झाली आहे, आणि त्याचा फटका वेळ न जाणवणाऱ्यांना आधी बसतो. चौकट कापून दारावर लावता येईल एवढ्या मापाची असावी, आणि तिच्या पाठीमागे महत्त्वाची बातमी येऊ नये.

कळावे,
प्रौढांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही जण,
पुणे